बापूंची विलायती पोरं

बापू ज्यांना ‘आपली पोरं’ म्हणायचे, ती पोरं बापूंपेक्षा वयाने मोठी होती, इंग्लंडात राहत होती आणि कोल्हापूर नावाचं गाव जगात आहे, याचा त्यांना पत्ताही नव्हता. आमच्याकडे ‘आपली पोरं’ म्हटलं की आपापल्या पेठेचा फुटबॉल संघ. त्यामुळे उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्यावर रोज घोटाळा व्हायचा. कुणीतरी कालच्या मॅचबद्दल बोलत असायचं आणि बापू मध्येच म्हणायचे, “पर आपल्या पोरांनी काय वाजवलंय, काय वाजवलंय!”

“कुणाला वाजवलं हो बापू?” समोरचा कान टवकारायचा.

“कुणाला न्हाय रं. ऑर्गन.”

आपली पोरं म्हणजे एक जुना रॉक बँड. नाव लिहीत नाही. बापूंनीही ते क्वचितच घेतलं असेल. त्या पिढीतले काही विलायती बँड फार लांबलचक, गुंतागुंतीची गाणी करायचे. एकच गाणं रेकॉर्डची सबंध बाजू व्यापायचं. मध्येच ताल मोडायचा, बासरी यायची, सगळं शांत व्हायचं, आता संपलं असं वाटेपर्यंत पुन्हा ढोल उसळायचे. बापू तरुणपणी पुण्यात एका कारखान्यात काम शिकायला होते, तेव्हा खोलीतल्या गोव्याच्या मित्राकडे त्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं. मित्र पुढे आखाती देशात निघून गेला, जाताना रेकॉर्ड बापूंना देऊन गेला. बापू ती ट्रंकेत कपड्यांच्या घडीत घालून कोल्हापूरला घेऊन आले. मग उद्यमनगरात स्वतःचं लेथचं वर्कशॉप टाकलं, लग्न झालं, मुलगी झाली. रेकॉर्डी वाढत गेल्या, पण बँड तोच राहिला.

मी तेव्हा पंपाच्या कंपनीत खरेदी विभागात होतो. शाफ्ट करून घ्यायला बापूंकडे गेलो, तर वरच्या माळ्यावरून कसलं तरी विचित्र, भरदार संगीत येत होतं. मी जिन्याकडे बघतोय हे पाहून बापूंनी हात पुसले. “शाफ्ट उद्या. आदी वर चला.” मी वर गेलो तो पुढची वीसेक वर्षं उतरलोच नाही म्हणायचं. माळ्यावर आधीपासून एक भाविक बसलेले होते : कांबळे सर, शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांना आधी रेकॉर्डच्या कव्हरांनी ओढलं होतं, गाणी नंतर चिकटली. असे आम्ही तिघे. सुट्टीच्या दिवशी सकाळी मिसळ खाऊन माळ्यावर जमायचं, हा नेम.

बापूंचं इंग्रजी बेताचंच. एकदा मी कव्हरवरचे शब्द वाचून अर्थ सांगायला लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं. “शब्दांचं काय घिऊन बसलाईस? अर्थ कळला की गाणं ल्हान हुतंय.” मला ते तेव्हा हटवादी वाटलं होतं. आता वाटतं, त्यांना त्या गाण्यात स्वतःला मावेल एवढी जागा मोकळी हवी होती. दिवसभर लेथसमोर उभा राहणारा माणूस, दोन्ही खांद्यांवर लोखंडाचा बारीक चुरा. बासरी सुरू झाली की त्यांचा उजवा हात आपोआप उचलला जायचा आणि हवेत सावकाश चालायला लागायचा, कुणाला तरी वाट दाखवत असल्यासारखा.

बापूंच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, हे संगीत कधीच आवडलं नाही. पण चहा घेऊन त्या स्वतः वर यायच्या, दोन मिनिटं उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “अजून त्येच चालू हाय व्हय? मगाशी चालू हुतं की.”

“मगाशी नदी हुती, आता धबधबा हाय,” बापू म्हणायचे.

“मग भिजा,” असं म्हणून त्या खाली जायच्या.

एका वर्षी बापूंना वाटायला लागलं, की आपल्या पोरांचा आवाज बसलाय. त्यांनी प्लेअरची सुई बदलली. स्पीकर बदलले. अँप्लिफायर दुरुस्तीला टाकला. दुरुस्तीवाल्याने उघडून, तपासून, तसाच परत दिला. म्हणाला, “बापू, यात काय बी बिघाड न्हाय.” बापूंनी तो दुसऱ्याकडे नेला. आवाजाचं बटण दर आठवड्याला थोडं पुढे सरकत होतं. कांबळे सर आणि मी एकमेकांकडे बघायचो, पण बापूंना काय सांगणार? यंत्रांच्या खडखडाटात उद्यमनगरातली निम्मी माणसं मोठ्यानेच बोलतात.

मग एका सकाळी रेकॉर्ड अडकली. सुई एकाच जागी उडायला लागली, तोच तुकडा पुन्हा, पुन्हा. बापू डोळे मिटून बसले होते. त्यांचा हात हवेत चालतच होता, आणि तो अडकलेला नव्हता. तो पुढे गेला, वळला, ढोल येतात तिथे थबकला, मग जोरात खाली आला. गाणं मागे राहिलं होतं आणि बापू पुढच्या वळणावर पोचले होते. कांबळे सर उठले, सुई अलगद उचलली. माळ्यावर शांतता झाली. बापूंचा हात तरीही थोडा वेळ चालत राहिला. डोळे उघडून त्यांनी सुईकडे पाहिलं, मग आमच्या तोंडांकडे.

“कवापास्नं बंद हाय?” त्यांनी विचारलं.

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला. “मला वाटायचं, नवरा हाय, ऐकत न्हाय म्हंजे त्यात काय नवीन,” त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

डॉक्टरांनी सांगितलं, आयुष्यभर यंत्रांच्या आवाजात काढलंय, कान आतून झिजलेत. कानातलं यंत्र आलं. त्याने बोलणं बऱ्यापैकी कळायला लागलं. समोर बसून, सावकाश बोललं की झालं. पण संगीत काही परत आलं नाही. “तांब्यात खडं घालून हलवल्यागत वाजतंय,” बापू म्हणाले. म्हणून रेकॉर्ड लावताना ते यंत्र काढून खिशात ठेवायचे. आमच्यासाठी रेकॉर्ड फिरायची, त्यांच्यासाठी आतली. कांबळे सरांनी एकदा मुद्दाम लक्ष ठेवलं. ऑर्गन सुरू होतो त्याच क्षणी बापूंचा हात उचलला गेला, क्षणभरही इकडेतिकडे नाही. “डोस्क्यात सगळं हाय, मास्तर,” बापू हसून म्हणाले. “कानाचं काय काम?” अशीही काही वर्षं गेली, आणि मी खोटं सांगत नाही, ती सुखाची होती.

मग बातमी आली, की तो बँड बेंगळुरूला येणार. म्हणजे त्यातले जे उरले होते ते. मूळच्यांपैकी दोघंच, बाकी नवीन भरती. सांगावं की न सांगावं, असं कांबळे सरांचं आणि माझं चाललं होतं, तोवर बापूंना कुठून तरी कळलंही होतं.

“ऐकू येत न्हाय आन् बेंगळूरला कशाला?” वहिनी म्हणाल्या.

“ऐकायला कोण चाललंय? पोरांची तोंडं बगून येतो. एवढी वर्सं घरात हायती, एकदा भेटाय नगो?”

माझ्या गाडीने आम्ही निघालो. कागल मागे पडलं तसे बापू लग्नाला निघाल्यासारखे बोलायला लागले. मांडीवर पिशवी, पिशवीत गुळाची ढेप. पोरांना द्यायला. एवढ्या लांबनं आलीत, मोकळ्या हाताने कसं भेटायचं? दरवाज्यावरच्या रखवालदाराने अर्थातच ती आत नेऊ दिली नाही. बापूंनी वाद घातला नाही. ढेप त्याच्याच हातात ठेवली आणि म्हणाले, “मग तू खा पावण्या. पोराबाळांस्नी दे.” त्याला मराठी कळत नव्हतं, पण गूळ कळला.

आत मैदानावर बापू जे थबकले ते हलेचनात. मैदान माणसांनी भरलं होतं. पांढऱ्या केसांची, ढेऱ्या सुटलेली, काठी घेतलेली माणसं, अंगात त्या बँडची चित्रं छापलेले बनियन. कुणी चेन्नईचा, कुणी हैदराबादचा. “एवढी मानसं?” बापू म्हणाले. “मला वाटायचं आपुन तिघंच.” म्हैसूरच्या एका म्हाताऱ्याशी त्यांची ओळख झाली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्याने तोंडाने एका गाण्याची सुरुवात वाजवली, बापूंनी हाताने पुढचा भाग केला, आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. बापूंना इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. त्या क्षणी आम्ही परत फिरलो असतो तर!

पोरं स्टेजवर आली. पोरं कसली, आजोबा. गाणाऱ्याला हात धरून खुर्चीत बसवावं लागलं. तरी सगळं मैदान उभं राहिलं, बापूही. दोन गाणी त्यांनी डोळे भरून पाहिली. मग ते मोठं गाणं सुरू झालं, बापूंचं. त्यांनी यंत्र कानातून काढलं, खिशात ठेवलं आणि हात उचलला.

मला ऐकू येत होतं, म्हणून मला आधी कळलं. म्हातारे ते गाणं फार सावकाश वाजवत होते. सूर खाली आणलेला, अवघड जागा गाळलेल्या. झेपत नव्हतं त्यांना. त्यात दोष कुणाचाच नव्हता. पण बापूंचं गाणं आपल्या जुन्या वेगाने चाललं होतं. त्यांचा हात वळला, तेव्हा स्टेजवरचा ऑर्गनवाला अजून मागेच होता. बापूंनी डोळे बारीक केले. हात थांबवला, परत पहिल्यापासून सुरू केला. पुन्हा चुकला. त्या वाजवणाऱ्या बोटांकडे बघत ते आपल्या आतल्या गाण्याला मागे ओढत होते, थांबवत होते, पुन्हा सोडत होते. मग हात खाली आला. “चला,” ते म्हणाले आणि गर्दीतून वाट काढत बाहेर निघाले.

बाहेर गाडीपाशी त्यांनी यंत्र कानात घातलं. कांबळे सरांनी विचारलं, “बापू, बरं वाटत नाही का?”

“पोरं म्हातारी झाली, मास्तर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघालो. निपाणीजवळ चहाला थांबलो, तेव्हा बापू कपाकडे बघत म्हणाले, “सकाळधरनं लावून बगतोय. लागंना झालंय.” आम्हाला कळेना. त्यांनी बोटाने आपल्या कपाळावर टिचकी मारली. “हितलं. सुरू झालं की त्यांची ती बोटं दिसत्यात, हळू हळू जाणारी. मग बंद पडतंय.”

आम्ही म्हटलं, होईल दोन दिवसांत पूर्ववत. झालं नाही. पुढच्या सुट्टीला रेकॉर्ड लावली, बापू सुईकडे बघत बसले, हात मांडीवरच. त्यानंतर एकदा-दोनदा बसलो असू. कुणी बंद करू या म्हटलं नाही. बैठक आपोआप मोडली. कान गेले तेव्हा बापूंनी ते हसण्यावारी नेलं होतं. या वेळी ते हसले नाहीत. वर्कशॉप त्यांनी दुसऱ्याला चालवायला दिलं, रेकॉर्डी कांबळे सरांच्या घरी पोचवल्या आणि दोघं नवरा-बायको गडहिंग्लजला मुलीकडे राहायला गेले.

दोनेक वर्षांनी त्या म्हाताऱ्यांनी एक नवी रेकॉर्ड काढली. शेवटची, असं तेच म्हणत होते. मी ऐकली आणि राहवेना. एसटी धरून गडहिंग्लज गाठलं. बापू अंगणात खुर्चीवर बसले होते, खूप वाळलेले. मी समोर स्टूल ओढलं आणि मोठ्याने म्हटलं, “पोरांनी नवी काढलीय.”

“व्हय?” त्यांची मान वर झाली. “कशी हाय?”

“चांगली आहे.”

“चांगली म्हंजे? सुरुवात कशानं?”

“ऑर्गननं. एकटाच ऑर्गन.”

“वरनं खाली येतोय का खालनं वर? ढोल कवा येतंय? बासरी हाय का न्हाय?”

मला सांगता येईना. ऐकलं होतं, पण असं नव्हतं ऐकलं. बापू जरा चिडलेच. “परत ऐक आन् ये.”

मी घरी येऊन पुन्हा ऐकली, शब्द शोधत शोधत. पुढच्या खेपेला सांगितलं : ऑर्गन खालून येतो, पहाटे पाटाला पाणी सोडल्यावर कोरड्या मातीत ते जसं दबकत पुढे सरकतं तसा. घाई कुठेच नाही. ही गाणी त्यांनी त्यांच्या आताच्या बोटांसाठीच केलीत. बापू ओठांकडे बघत ऐकत होते. मध्येच म्हणायचे, “थांब. हितं जरा थांबू दे.” मी थांबायचो. मग ते मान हलवायचे, मी पुढे जायचो. अशी एक बाजू सांगायला मला बऱ्याच खेपा लागल्या. ती संपली त्या दिवशी मी लगेच पुढचं सुरू करणार होतो, पण त्यांनी अडवलं. “दुसरी बाजू फुडच्या खेपंला. एवढं मुरू दे.”

मी दुसरी बाजू तयार करत होतो, तेव्हाच त्यांच्या मुलीचा फोन आला. सकाळचा चहा घेऊन खुर्चीत बसले, ते तसेच गेले. मी आणि कांबळे सर पोचलो तेव्हा वहिनी माझा हात धरून म्हणाल्या, “परवाच म्हणत हुतं, त्यो येनार हाय, माझं अर्धं ऱ्हायलंय.”

परत येताना एसटीत मी कांबळे सरांना म्हटलं, “दुसरी बाजू सांगायची राहिली हो सर. सगळी जुळवली होती.”

“माझी ऐकून झालीय की,” सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून बसले. “बरं, सांगा.”

मी तोंड उघडलं. पहिलं वाक्यच सुचेना.