पहिल्या पानावरचं होस्टेल

लातुरात मी आणि माझे यजमान मुलींचं होस्टेल चालवतो. यजमान एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर त्यांनी घरावर मजले चढवले आणि डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करायला येणाऱ्या मुली आमच्याकडे राहू लागल्या. बरीच वर्षं आम्हाला जाहिरात करावी लागली नाही. लोह्याकडची एक मुलगी राहून गेली की पुढच्या साली तिच्याच गावातली दुसरी यायची. पालक यायचे, स्वयंपाकघरात डोकवायचे, नळ सोडून बघायचे, एखाद्या मुलीला बाजूला घेऊन जेवण कसं असतं ते विचारायचे आणि मगच लेकीची बॅग खाली ठेवायचे.

पुढे ते गावातूनच ठरवून यायला लागले. मोबाईलवर शोधायचं आणि वर जी नावं दिसतील तिथंच फोन लावायचा. आमच्या गल्लीत नवी होस्टेलं झाली होती. गाद्या-बादल्या घेतलेले पालक आमच्या दारावरून पुढे जाताना मी गॅलरीतून बघत बसायची. आमचा वरचा मजला अर्धा रिकामा राहिला तेव्हा माझ्या भाचीनं वेबसाईट करून दिली. फोटो छान आले होते. पण साईट कितीही शोधली तरी सापडायची नाही. भाची म्हणाली, मावशी, आता एसईओ करणारी कंपनी धर. शोधणाऱ्याला तुमचं नाव वर दिसेल असं काम ते करतात. एवढं सांगून ती नोकरीच्या गावी निघून गेली.

कंपनी धर म्हणजे कशी धर? धान्य घेताना मी मूठभर हातावर घेऊन बघते. बाई कामाला ठेवताना चार घरी विचारते. इथं हातावर काय घेऊन बघायचं? साईट नवी दिसल्याबरोबर फोन मात्र रोज येऊ लागले. पुण्याची एक मुलगी इतकं भराभर बोलायची की शेवटी मी नुसतं हो-हो करायची. एकानं मोठा तक्ता पाठवला, त्यातला एक शब्द आम्हा दोघांना कळला नाही. ओळखीच्या एका क्लासवाल्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, सगळे सारखेच असतात, कुणीही घ्या.

शेवटी जो घरी आला त्याला आम्ही घेतलं. तिशीतला माणूस होता, स्वतःची छोटी कंपनी होती. चपला बाहेर काढल्या, यजमानांच्या पाया पडला, आपण अहमदपूरकडचे आहोत म्हणाला. जेवायला बसवलं तर भाकरी मागून घेतली. तुम्ही फक्त मुली सांभाळा, पहिल्या नंबरची जबाबदारी माझी, असं त्यानं सांगितलं. वेबसाईटचं सगळं, पासवर्डसुद्धा, त्यानं आपल्याकडे मागून घेतलं, आम्ही दिलं. तो गेल्यावर यजमान म्हणाले, "आपल्याकडचा आहे. बोलण्यावरूनच कळतं." मलाही तसंच वाटलं होतं. सोयरीक बघताना माणूस जसा पारखतात तसा आम्ही त्याला पारखला, कारण दुसरी पारख आम्हाला येत नव्हती.

आणि खरंच, उन्हाळा भरात यायच्या आत आमचं नाव वर आलं. मोबाईलवर शोधलं की पहिल्याच पानावर आम्ही. फोन वाजायला लागला. यजमानांनी वरच्या मजल्याला रंग दिला, मी नवीन ताटं घेतली.

त्याच दिवसांत किनवटकडून एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. किनवटहून नांदेडपर्यंत रेल्वेनं आणि पुढं बसनं आले होते. दोघांचे चेहरे धुळीनं भरलेले. मुलगी बारीक अंगाची, दोन वेण्या, हातात पुस्तकांची पिशवी. मी पाणी दिलं. वडलांनी पाणी प्यायच्या आधी विचारलं, डॉक्टरीणबाई कुठल्या खोलीत राहतात?

मला वाटलं ते घर चुकले. त्यांनी मोबाईल पुढे केला. आमच्याच होस्टेलचं नाव होतं आणि खाली पालकांचे अभिप्राय होते. मी ते कधी वाचलेच नव्हते. कुणी लिहिलं होतं, इथं अभ्यासिकेला एसी आहे. कुणी लिहिलं होतं, माझी मुलगी आजारी पडली तेव्हा होस्टेलमध्येच राहणाऱ्या डॉक्टर मॅडम रात्रभर तिच्याजवळ बसून होत्या. लिहिणाऱ्यांची नावं मी पुन्हा पुन्हा वाचली. त्यांतल्या कुणाचीही मुलगी आमच्याकडे कधी राहिलेली नव्हती.

"हिला फीट येती ताई," वडील म्हणाले. "लई दिवस शोधून राहिलो. डॉक्टरीण असलेलं हे एकच सापडलं, म्हून एवढ्या लांब आणली."

मी खरं ते सांगितलं. इथं डॉक्टर राहत नाहीत, कधीच राहत नव्हत्या. हे कुणी लिहिलं मला माहीत नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "पण लिवलंय की," असं ते हळूच म्हणाले आणि पुन्हा मोबाईलकडे बघू लागले, जणू माझ्यापेक्षा त्या मोबाईलला जास्त माहीत असावं.

मुलगी मध्येच बोलली. "रोज न्हाई येत. गोळी वेळेवर घेतली की काईच होत न्हाई. मी राहते ना इथं."

मी म्हणाले, हिला माझ्या खोलीत झोपवते, गोळ्या माझ्या हातानं देते. यजमान म्हणाले, दवाखाना चौकापलीकडेच आहे. बोलता बोलता माझं मलाच कळत होतं की डॉक्टरच्या जागी मला कुणी धरणार नाही. पहिला झटका आला तेव्हा ती शेतातल्या हौदाजवळ पडली होती, असं वडलांनी सांगितलं. तिच्या आईनं पाठवायला होकार दिला तो फक्त त्या डॉक्टरणीच्या नावावर. आता घरी काय सांगू, असं त्यांनी मला विचारलं.

त्यांनी जेवण घेतलं नाही. मुलीनं मात्र पिशवी उचलायला वेळ लावला. संध्याकाळच्या गाडीनं ते परत गेले. यजमान त्यांना स्टँडवर सोडून आले.

मी त्या कंपनीवाल्याला फोन लावला. तो हसून म्हणाला, काकू, सगळेच असं लिहून घेतात, काढलं तर तुम्ही खाली जाल. मी म्हणाले, जाऊ दे खाली, पण ते डॉक्टरणीचं आजच्या आज काढ. बघतो म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन लागेना. अहमदपूरला यजमान स्वतः जाऊन आले. त्यानं सांगितलेल्या गल्लीत त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. भाचीला विचारलं तर ती म्हणाली, पासवर्ड त्यानं बदललाय, माझ्या हातात काही नाही. आपल्याच होस्टेलबद्दलचं खोटं रोज वाचायचं आणि पुसता येत नाही म्हणून पुन्हा मोबाईल ठेवून द्यायचा, असं चाललं. फोन येत होते. डॉक्टर आहेत ना, असं कुणी विचारलं की मी नाही म्हणायची. काही जण तिथंच फोन ठेवायचे. जे विचारत नव्हते, त्यांनाही मी आपणहून सांगायची.

मग एके दिवशी आमचं नाव दिसायचंच बंद झालं. पहिल्या पानावर नाही, दहाव्यावर नाही. खोटं पकडलं गेलं की शोधातून नावच काढून टाकतात, असं भाचीनं सांगितलं. खोटे अभिप्राय गेले आणि त्यांच्याबरोबर होस्टेलही गेलं.

भाचीनं हेच काम करणाऱ्या नांदेडच्या एका बाईंचं नाव सुचवलं. आम्ही दोघं गेलो. एका दवाखान्याच्या वर त्यांचं ऑफिस होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कॉम्प्युटरवर काहीतरी बघितलं आणि सांगितलं की वेबसाईटच त्या माणसानं स्वतःच्या नावावर करून घेतली आहे. त्याच्या संमतीशिवाय ती परत मिळणं फार अवघड. तक्रार करता येईल, पण कधी काय होईल ते सांगता येणार नाही.

"मग आम्ही काय करायचं?" यजमानांनी विचारलं.

"जुनं नाव आता वर येणं नाही. नव्या नावानं नवी साईट," त्या म्हणाल्या. "ती तुमच्या नावावर असेल, पासवर्ड तुमच्याकडे राहील. जे होस्टेलमध्ये आहे तेवढंच लिहायचं. पण पहिला नंबर मी देऊ शकत नाही. कुणीच देऊ शकत नाही."

मी त्यांच्याकडे बघत होते. खुर्ची साधी, बोलणं शांत, घाई नाही. मला त्या खऱ्या वाटल्या. पण तोही खराच वाटला होता. मी विचारलं, तुमच्यावर विश्वास कशावरून ठेवायचा? त्यांना राग आला नाही. ज्यांचं काम करते त्यांना जाऊन विचारा, म्हणाल्या, आणि त्यांची दुकानं कुठं आहेत ते सांगितलं. आम्ही एका बियाणांच्या दुकानात गेलो. मालक म्हणाला, बाई सरळ आहेत, पण फरक पडायला लई वेळ लागतो. यजमान बाहेर येऊन म्हणाले, वेळच तर नाही आपल्याकडे. मे संपत आला होता आणि नव्या मुली जूनमध्येच येतात.

काम त्यांनाच दिलं. दर महिन्याला त्या काय केलं ते मराठीत लिहून पाठवतात. अजून आपण बरेच मागे आहोत, असंही त्यात असतं. जुनं नाव मी दारावरून उतरवलं तेव्हा होस्टेलातल्या मुली विचारायला लागल्या, की होस्टेल विकलं का.

किनवटच्या त्या वडलांचा नंबर फोनमध्ये होता. पावसाळ्यात एकदा धीर करून लावला. मुलगी तिथल्याच कॉलेजात जाते, असं त्यांनी सांगितलं. अभ्यास कसा चाललाय, हे विचारलं तर म्हणाले, चाललाय. मग पलीकडून मुलीचा आवाज आला, कोण हाय म्हणून. लातूरच्या ताई, असं त्यांनी सांगितलेलं मला ऐकू आलं. ती फोनवर येईल म्हणून मी थांबले. ती आली नाही.

यंदा वरचा मजला आम्ही उघडलाच नाही. नवी ताटं कपाटात आहेत. यजमान रोज सकाळी मोबाईलवर आमचं नवं नाव शोधून बघतात. पान खाली, अजून खाली सरकवत जातात आणि दिसलं नाही की मला न सांगता चहा मागतात.