ओवीला शेरडं बघायला नेलं तेव्हा

जीप दारात येऊन उभी राहिली तसं माझे वडील, अण्णा, ओवीला म्हणाले, "चल ग माय, शेरडं बघून येऊ." ओवी लगेच त्यांच्या खांद्यावर. टाळ्या वाजवत गोठ्याकडं गेली माझी पोर. आणि आई मला म्हणाली, "निघा आता पटकन. मागं बघू नको, न्हायतर तिला समजंल."

मी बघितलं न्हाय. सव्वा महिन्याचं बाळ शालीत गुंडाळून जीपमदी बसले, हे पिशव्या घेऊन बसले, आणि आमी येडशी फाट्याकडं निघालो. तिथनं लातूर, लातूरवरनं हैदराबाद. कपाळाला पांढरा ठिपका असलेल्या करडाला ओवी हात लावत असंल, एवढंच डोळ्यापुढं येत होतं.

आता हे सगळ्यांना एकदमच लिहितेय. गावातल्या तुमी, आणि पुणं, सुरत, कुठं कुठं गेलेल्या तुमी सगळ्या पण. एकेकीला फोनवर सांगायला बसले की बारकं उठतंय. चुका काढू नका, एका हातानं टाईप करतेय.

तर झालं असं. दुसरं बाळंतपण आपल्याकडं सासरी करत्यात, पण मला सासूबाई न्हाईत, म्हणून हे पण माहेरीच. ह्यांची सुट्टी संपली. आई म्हणाली, "टाके अजून ओले हाईत तुझे. तिथं तिसऱ्या मजल्यावर दोन दोन लेकरं एकटी कशी बघशील? ओवीला पाडव्यापतोर ठिव माझ्यापशी. रमली की तुझी आठवण बी काढायची न्हाय." हसत म्हणाली होती. मला पण ते सोयीचंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पावणेतीन वर्षांची पोर आणि सव्वा महिन्याचं बाळ, दोघं एकदम रडायला लागली की मी पण त्यांच्यात तिसरी.

हैदराबादला घरात शिरले तर ओवीची लाल बादली बाथरूममदी तशीच. त्यात तिचं प्लास्टिकचं बदक. मी बाळाला आंघोळ घालायची ती दुसऱ्या टबात, लाल बादलीला हात लावायची न्हाय. शेजारची तेलुगू अक्का रोज वाटीभर चारू, म्हंजे त्यांचं आंबट सार, आणून द्यायची, तिला माझी भाषा येत न्हाय, मला तिची अर्धी. ती दोन बोटं दाखवायची, मग एक बोट मुडपून भुवया वर करायची. म्हंजे, दुसरी कुठाय? मी म्हणायची, "अम्मम्मा के पास," म्हंजे आजीकडं. ती मान हलवायची आणि चारूची वाटी पुढं करायची.

रोज दुपारी व्हिडिओ कॉल. पहिले दोन दिवस ओवी फोनकडं बघत रडली. तिसऱ्या दिवसापासनं तिनं फोन पालथा घालायला सुरुवात केली. मला नुसता अंधार दिसायचा आणि आईचा आवाज यायचा, "झोप आलीय तिला." दुपारी चार वाजता कसली झोप? आईचा आवाज जड झाला की ती कॉलच कट करायची. मग मी बाळाला पाजत बसायची आणि स्वतःला सांगायची, रमली वाटतं.

पाडव्याला तीन दिवस होते तेव्हा आमी गावाकडं निघालो. इथं उगादीची तयारी, तिकडं पाडव्याची, कडुलिंब दोन्हीकडं. येडशीच्या पुढं रामलिंगाच्या रानात पळस नुसता पेटलेला. दारातल्या आंब्याला बारक्या कैऱ्या. मी रस्ताभर ठरवत होते, ओवी पळत येईल, मी अशी खाली बसीन, अशी उचलीन.

ओवी आईच्या पदराआड उभी होती. आली न्हाय.

"अग, कोण आलंय बघ की," आई म्हणाली.

"फोनमधली आई," ओवी म्हणाली.

सगळे हसले. मी पण हसले, काय करणार. मग ती हळूच पुढं आली, बाळाच्या तळपायाला बोट लावलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाळाला न्हेलं. मला न्हाय न्हेलं."

अण्णांना ते ऐकवंना. ते उठले आणि सवयीनं म्हणाले, "चल ग माय, शेरडं बघून येऊ."

ओवीनं दाराची चौकट धरली ती दोन्ही हातांनी. आणि अशी किंचाळली की मांडीवरचं बाळ दचकून रडायला लागलं. अण्णा तिथंच थांबले, हात तसाच पुढं.

नंतर आईनं चुलीपुढं बसून सांगितलं. "तू गेल्यापासनं गोठ्याकडं जातच न्हाय ती. त्या दिशी परत आली, तुझ्या बाजंखाली बघितलं, न्हाणीत बघितलं, मग उंबऱ्यावर बसली. शेरडाचं नाव काढलं की चौकट धरती. म्या तुला बोलले न्हाय. तू तिकडं ओली बाळंतीण, कशाला जिवाला घोर."

ज्या पोरीला शेरडं दिसली की जेवण सुचायचं न्हाय, तिला आमी शेरडाचीच भीती घातली.

आणि मला एकदम आठवलं. मी चार वर्षांची असताना मला काकूकडं वाटीभर साखर आणायला धाडलं होतं. मी न सांडता, हळूहळू चालत साखर आणली, तर आई घरात न्हाय. भावाच्या वेळंला दवाखान्यात गेली होती. मी आईला हे बोलून दाखवलं. ती भाकरी थापायची थांबली.

"तुला ध्यानात हाय ते?"

"वाटी पितळंची होती," मी म्हणाले.

"तवा सगळीच असं करायची ग," आई म्हणाली. "लेकरू रडताना बघितलं की पाय निघत न्हाय. म्हणून नजर चुकवायची." आणि भाकरी तव्यावर टाकली, तर ती मोडली. आईची भाकरी मोडलेली मी पहिल्यांदाच बघितली.

पाडव्याला अण्णांनी कळंबहून साखरेचे दोन हार आणले, बाळाचा पहिला पाडवा म्हणून एक, आणि ओवीला एक. ओवीनं आपला बाजूला ठिवला आणि बाळाचा चाटून संपवला. मला लई बरं वाटलं ते बघून. बाळाचं हक्कानं खाल्लं म्हंजे त्याला आपलं मानलं. दोन दिवसांनी माझ्या मांडीवर पण येऊन बसली, पण पाठ माझ्याकडं. झोपायला आजीपशीच.

निघायच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "ऊन लई हाय आता. अजून दोन महिने राहू दे तिला. सकाळी अण्णा तिला..." आणि मधीच गप झाली.

"न्हाय आई," मी म्हणाले. "राहायची तर राहू दे. पण सांगून जायचं. रडली तर रडू दे."

मी ओवीला समोर बसवलं. "उद्या मी, बाबा आणि बाळ हैदराबादला जाणार. तू येणार का आजीपशी राहणार? राहिलीस तरी मी सांगून जाणार. गुपचूप न्हाय जाणार."

"आजी येणार?"

"आजी न्हाय येणार."

ती उठून गेली. न्हाय म्हणाली तर? आता मीच शब्द देऊन बसले होते.

सकाळी जीप आली. ओवी दिसंना. बघते तर ही एकटी, पायात उलट्या चपला, हातात आपल्या हाराचं एक साखरेचं पदक, गोठ्याकडं निघालेली. मी मागं मागं, पण लांबनं. करडापुढं पदक धरलं तिनं. त्यानं हुंगलं, चाटलं. "मी जाते. येते परत. रडू नको," असं त्याला बजावून ती वळली.

मग म्हणाली, "आजी कुठाय?"

आजी घरात न्हाय. मी हाक मारली, ह्यांनी मारली. ओवीनंच शोधली. गोठ्याच्या मागं, कडब्याच्या गंजीला टेकून आई पाठमोरी उभी होती. कडबा नीट लावतेय म्हणे. जीप दारात असताना.

ओवी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजी, सांगून जा ना."

आईनं पदरानं तोंड पुसलं, खाली बसली आणि तिला जवळ घेतलं. "चुकलं माय माझं," म्हणाली. मला वाटतं ती ओवीला म्हणाली. पण बघत माझ्याकडं होती.

आता आमी चौघं इथं हाव. लाल बादली परत भिजती. दूध आणायला खाली जायचं तरी ओवीला सांगून जावं लागतं, ती पण बाथरूमला जाताना "आई, जाऊन येते" म्हणती, बाळाला पण सांगती. लई जणींनी विचारलं, आता घर म्हंजे तुला कुठलं वाटतं ग, हे का ते? मला न्हाय ठरवता येत. जिथनं निघताना कुणाची नजर चुकवावी लागत न्हाय, ते घर, असं आपलं मी म्हणते. सध्या दोन हाईत.

आणि आई आता कॉल कट करत न्हाय. ओवी करूच देत न्हाय. डोळे भरले तरी फोन तोंडापुढं धरून आधी विचारावं लागतं तिला, "ओवे, ठिवू का ग?"

ओवी विचार करती आणि म्हणती, "थांब, करडाला दाखव, मग ठिव." मग आई फोन घेऊन गोठ्याकडं चालायला लागती.