पुलाखालचं गाव

आमच्या शेजारचे आण्णा नव्या माणसाला कधी नाव विचारत नाहीत. "पावणं, गाव कुठलं?" एवढंच विचारतात. त्यांचं स्वतःचं गाव धरणात गेलंय. पाणी चढल्यापासून ते तिकडं फिरकले नव्हते. "बघून काय करायचं?" म्हणायचे.

गेल्या वर्षी ते मुलाकडं कॅनडात, व्हँकुव्हरला राहून आले. तिथं खाडीवरच्या पुलाखाली त्यांना तिथल्या मूळच्या स्क्वामिश लोकांपैकी एक म्हातारा भेटला. आण्णांनी त्यालाही गाव विचारलं. मुलानं ते इंग्रजीत सांगितलं.

"त्यो म्हणाला, हितंच. सेनाक नाव. त्याच्या आज्जीच्या वेळंला सरकारनं माणसं होडीत घालून हाकलली आणि घरं जाळली. आता कोर्टात भांडून थोडी जमीन परत मिळवलीया. तिथं त्यांच्याच मोठ्या इमारती उठाय लागल्यात. पर त्यो मला इमारती दावत न्हवता. आज्जीचं घर कुठं हुतं, ते दावत हुता."

यंदा उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं, तेव्हा आण्णा मला घेऊन गावाकडं गेले. भेगाळलेल्या गाळात घरांची दगडी जोती उघडी पडली होती. त्यातल्या एकापाशी ते थांबले. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं. फक्त उंबऱ्याचा दगड शिल्लक होता. आण्णांनी त्याच्या अलीकडं चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं.

"ह्यो सोपा. वडील हितं पान खात बसायचे," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "भाईर का हुबं ऱ्हायलासा? या की आत."

मीही चपला काढल्या.