माशा मारायची स्पर्धा

आमच्याकडे कुणी रिकामा बसलेला दिसला, की 'माशा मारून राह्यला काय बे' असं विचारायची रीत आहे. त्यामुळे दारव्ह्याच्या आठवडी बाजारात ऑटोवरच्या भोंग्यातून "येत्या रविवारी तलावावर माशा मारायची भव्य स्पर्धा" अशी घोषणा झाली, तेव्हा हातातली वांगी तशीच धरून मी उभी राहिले. स्पर्धा माझ्या धाकट्या भावानं ठरवली होती आणि भोंगेवाल्याला मजकूरही त्यानंच दिला होता. मजकूर होता 'कृत्रिम माशी वापरून मासे पकडण्याची स्पर्धा'. भोंगेवाला साड्यांच्या सेलच्या आणि फवारणीच्या औषधांच्या जाहिराती करणारा माणूस. एवढं लांबलचक वाक्य त्याला झेपलं नाही. त्यातलं कृत्रिम त्यानं काढलं, मासे काढले, 'भव्य' पदरचं घातलं आणि दिलं ठोकून.

मी ऑटो अडवला. "भाऊ, माशा मारायची नाई. माशीनं मासे धराची स्पर्धा हाये."

"तेच तं सांगून राह्यलो, ताई," तो म्हणाला. "पन माशीनं मासा धरते म्हटलं तं लोक मले येडा म्हनतीन. हे कसं, समद्याईले समजते."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. भावाला फोन लावून मी त्याच्या मराठीचा उद्धार केला. तो म्हणाला, "बाई, लोक तं येतीन ना?" लोक येतील याची मला खात्री होती. कशाला येतील, याची नव्हती.

हा भाऊ बंगळुरूला नोकरी करतो. तिकडच्या मित्रांबरोबर डोंगरातल्या नद्यांवर जाता जाता त्याला या मासेमारीचं वेड लागलं. त्यात गळाला गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. आकड्यावर कोंबड्याचं पीस आणि रंगीत दोरा गुंडाळून खोटी माशी करायची. मग लांब लवचीक छडीनं जडशी दोरी हवेत मागेपुढे झुलवत ती माशी पाण्यावर इतकी हळू उतरवायची, की माशाला वाटावं खरीच बसली. इथवर आमच्या तांड्यातल्या लोकांनी माना डोलावल्या. पुढे त्यानं सांगितलं, की धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा असतो. माझा नवरा बाजेवर आडवा झाला होता, तो उठून बसला.

"धरून सोडाचा? मंग धरला कायले?"

या प्रश्नाचं उत्तर भावाला आजतागायत देता आलेलं नाही. शेवटी लहान मासा सोडायचा आणि मोठा घरी न्यायचा, असा तह झाला.

एवढा खटाटोप ज्याच्यासाठी होता, ते आता सांगते. माझ्या मुलीला जन्मापासून सिकल सेल आहे. रक्तातल्या गोल पेशी वाकून विळ्यासारख्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग हातापायांच्या हाडांतून अशा कळा निघतात की पोर अंथरुणात कूस बदलायलाही भिते. गारठा सोसत नाही, दमणं सोसत नाही, पाणी कमी प्यालेलं सोसत नाही. आमच्या भागात या आजाराला नुसतं 'शिकल' म्हणतात. एकदा एका पाहुणीला मी सांगितलं, की पोरगी शिकल आहे, तर ती म्हणाली, "बरं झालं बाप्पा, आजकाल पोरीनं शिकाच लागते." तिला काय बोलणार? मी चहा ठेवला.

अशी मुलं आमच्या आजूबाजूच्या तांड्यांत आणि कोलामांच्या पोडांवर बरीच आहेत. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या आमच्या डॉक्टर मॅडमना एक गाडी हवी होती. कळा उठल्या की पोराला उचलून दवाखान्यात आणणारी, हक्काची. शेअर जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि कळा काही जीप भरायची वाट बघत नाहीत. हे मी रस्त्याच्या कडेला पोर मांडीवर घेऊन शिकले आहे. भावानं ते ऐकलं आणि म्हणाला, स्पर्धा घेऊ, प्रवेश फी ठेवू, त्याचे मित्र येतील, गावचे येतील, त्यातून गाडी उभी करू.

गाडीवर सगळ्यांचं एकमत झालं. भांडण लागलं ते माझ्या मुलीवरून.

ती बारा वर्षांची. मामानं तिला माशा बांधायला शिकवलं होतं. पडून राहायचे दिवस आले, की उशीला टेकून ती आमच्या बायकांच्या भरतकामाचे लाल-पिवळे दोरे घेऊन माशा बांधत बसायची. तिची बोटं माझ्यापेक्षा सफाईदार. बऱ्या दिवसांत अंगणात छडी झुलवायचा सराव करायची. आकड्याच्या जागी पऱ्हाटीचं बोंड बांधायची आणि ते बरोबर शेजाऱ्याच्या कोंबडीपुढे टाकायची. कोंबडी आधी दचकायची, मग दचकायची बंद झाली. तिला स्पर्धेत उतरायचं होतं.

भावाला ती व्यासपीठावर हवी होती. "बाई, लोकाईनं पाह्यलं पाह्यजे आपुन कोनासाठी करून राह्यलो ते. शाल देऊ, फोटो काढू."

आणि मला ती घरी हवी होती. होळीला अवकाश होता, सकाळी तलावावर गार वारा असतो, पाणी असतं, उभं राहणं असतं. मी साफ सांगितलं, पाण्याजवळ जायचं नाही.

"शाल पांघरून मी बसनार नाई," ती मामाला म्हणाली. "माह्या शाळेतले पोट्टे येतीन तिथं." तिनं आपला आजार शाळेत कुणाला कळू दिला नव्हता. मास्तरांशी मी बोलून ठेवलं होतं, बाकी कुणाला कळता कामा नये अशी तिची ताकीद होती. शाल बारगळली. माझा नकार मात्र तसाच राहिला, आणि ती माझ्याशी बोलेनाशी झाली. मी डॉक्टर मॅडमना विचारलं, मनातून अशी आशा धरून, की त्या माझी बाजू घेतील. त्या म्हणाल्या, "गार पाण्यात उतरू देऊ नका. काठावर उभी राहिली तर राहू द्या. स्वेटर घाला, सारखं पाणी पाजा, दमली की बसवा." असल्या सल्ल्यानं भित्र्या आईचं काय समाधान होणार? मी म्हटलं, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

रविवारी आम्ही सगळे तलावावर गेलो. तिला मी नुसतं बघायला म्हणून नेलं होतं. भावाचे मित्र खिसेच खिसे असलेली जाकिटं घालून काठावर छड्या झुलवत होते. त्यांच्या मागे बाभळी. दोरी मागे जायची ती बाभळीत, पुढे यायची ती एकटीच. थोड्याच वेळात त्या बाभळींना रंगीत माशांचा बहर आला, आणि गावातली पोरं झाडावर चढून माशा काढून देण्यात गढून गेली.

तेवढ्यात तांड्यावरून आणि गावातून माणसांचा एक मोठा घोळका आला. कुणाच्या काखेत सतरंजी, कुणाकडे उशी. माझा नवरा त्यांच्यात सगळ्यात पुढे. या माणसानं घरात सगळं ऐकलं होतं, तरी सतरंजी घेऊन आला होता.

"कुठं बसाचं?" त्यानं माझ्या भावाला विचारलं.

"कायले बसाचं?"

"माशा माराची स्पर्धा हाये ना? फी आनली आमी."

भाऊ रडायच्या बेतात आला. डॉक्टर मॅडमनी मात्र त्या सगळ्या सतरंज्यांवरून एक नजर फिरवली आणि म्हणाल्या, "बसवा यांना. फी तीच."

अशा रीतीनं तलावाच्या काठी, कडुलिंबाखाली, माशा मारायची स्पर्धा सुरू झाली. नियम तिथल्या तिथे ठरले. बसायचं किंवा लोळायचं. मोबाइल नाही, बोलायचं नाही, झोपायचं नाही, आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा नाही. शेवटचा नियम ऐकून घोळक्यात कुजबुज झाली, पण इज्जतीचा प्रश्न होता. पानठेल्यावर सकाळपासून दिवे लागेपर्यंत हलत नाहीत अशी माणसं ती, आम्हाला वाटलं, आता हे रात्रीपर्यंत उठत नाहीत. कसलं काय! पहिला गडी बाद झाला तो सोयाबीनचा भाव कुणीतरी चुकीचा सांगितला म्हणून. दुसरा, पहिल्याला हसला म्हणून. तिसऱ्याचा फोन वाजला. माझ्या नवऱ्याचा हात आपोआप खिशात गेला, खर्र्याची पन्नी बाहेर आली आणि तळहातावर घोटणं सुरूही झालं. लोकांनी गलका केला तेव्हा त्यालाच नवल वाटलं. "मी कुठं घोटून राह्यलो?" असं तो घोटत घोटत म्हणाला. घरी मी जे इतकी वर्षं सांगत होते, त्याला आज साक्षीदार मिळाले.

बघ्यांची गर्दी तिकडेच लोटली. नवे भिडू फी भरून बसत होते आणि बाद होत होते. मासे धरणाऱ्यांकडे कुत्रंही फिरकत नव्हतं.

आणि मला वाटलं, सुटले. सावली होती, सतरंजी होती, पाणी लांब होतं. मी लेकीजवळ गेले आणि लाडीगोडीनं म्हटलं, "तुले भाग घ्यायचा होता ना? याच्यात घे. पाय बी दुखनार नाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी काहीतरी अगदीच साधं विसरले असावे, तसं पाहिलं.

"बसन्यात तं मी पह्यलाच नंबर आनीन, याडी," ती म्हणाली. आमच्यात आईला याडी म्हणतात. "त्याईच्यात कोनाले न हालता राह्यता येते? मले येते. मी तं तेच करतो. मले उभं राहू दे ना."

याआधी कितीदा तिच्या अंथरुणापाशी बसून मी म्हटलं होतं, की माझी पोर किती शहाणी, हूं की चूं करत नाही, हलत नाही. आणि वर आता तेच तिला बक्षिसासारखं देत होते. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायचं मला सुचलं नाही. मी तिच्या स्वेटरची बटणं वरपर्यंत लावली, पाण्याची बाटली हातात दिली आणि म्हटलं, "पूर्ण पिऊन टाक. मंग जा."

बाभळींपासून दूर, खडकाच्या मोकळ्या जागेवर मामानं तिला उभं केलं. मी मागे बाटल्या घेऊन. तिनं छडी उचलली आणि दोरी मागे टाकली, ती थेट माझ्या पदरात. लाल-पिवळी माशी पदराला घट्ट. ती वळून आली, जिभेचं टोक दातात धरून आकडा सोडवला आणि मला हातानं बाजूला सरकवलं. "थोडी लांब उभी राह्य ना." मी लांब उभी राहिले. मग दोरी सरळ गेली. मग वाकडी. मग पुन्हा सरळ. मध्ये मी पाणी पाजत होते, ती नाक मुरडत पीत होती, आणि मामा काठावर उकिडवा बसून एवढंच म्हणत होता, "जमून राह्यलं."

ऊन चढायच्या आत छडीचं टोक वाकलं. एक चिलापी, तिच्या वितीएवढी. तिच्या शाळेतली पोरं बाभळीवरून उड्या टाकून धावत आली. तिनं मासा ओल्या हातानं धरला, सगळ्यांना दाखवला आणि नियमाप्रमाणे पाण्यात सोडला. "सोडला?" माझा नवरा लांबून कळवळून ओरडला. बक्षीस भावाच्या एका मित्राला गेलं, त्याची मरळ खरंच मोठी होती. माशा मारायचं बक्षीस कुणालाच देता आलं नाही, कारण शेवटी सतरंजीवर उरलेला एकमेव माणूस झोपलेला निघाला. फीचे पैसे गाडीपुरते झाले नाहीत, पण डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आता बोलणी सुरू करता येतील. त्यात मासेमारीपेक्षा सतरंजीवाल्यांचा वाटा मोठा होता, हे भाऊ कुणाजवळ बोलत नाही.

संध्याकाळी ती बाजेवर बसली होती. मी भाकरी थापत होते.

"याडी, पाय दुखून राह्यले."

हातातली भाकरी परातीत टाकून मी धावले. डोक्यात गरम पाण्याची पिशवी, गोळ्या, मॅडमचा नंबर, या वेळी जीप कुणाची मिळेल, सगळं एकदम. आणि वर माझा स्वतःवरचाच राग, की का मी हिला उभं राहू दिलं. "कुठं? हाडात? केव्हापासून?"

"नाई वं. ते दुखनं नोय हे." तिनं पोटरीवर बोट ठेवलं. "हे इथं. उभी राहू राहू. कवायत झाल्यावर आमच्या वर्गातल्या पोट्ट्या म्हनतात ना पाय गेले म्हून, तसं हाये." मग हसू दाबत म्हणाली, "मले वाटे त्या उगाच म्हनतात. खरंच दुखते."

मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. त्या दुखण्याचा चेहरा मी ओळखते. हा तो नव्हता. मी तेल कोमट करून आणलं, तिचा पाय मांडीवर घेतला आणि पोटरी चोळायला लागले. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, पण मी उठले नाही.

"उद्या शाळेत सांगीन मी," ती म्हणाली, "माहे पाय दुखून राह्यले म्हून."

सांग, म्हटलं, आणि दुसरा पाय जवळ ओढला.