पेवातली बाळंतीण

जेसीबी येऊन उभा होता आणि त्याच्यापुढे मी हात जोडून उभा. रेंजरच्या नोकरीत हेही करावं लागतं.

जागा औसा तालुक्यातली. भूकंपानंतर गाव नव्या वसाहतीत गेलं, जुनं तसंच पडून राहिलं. पडक्या भिंतींतून सीताफळं उगवली, अंगणांत कमरेएवढं गवत माजलं. सकाळच्या धुक्यात तिथे थांबलं की आता कुठूनतरी भाकरी थापल्याचा आवाज येईल, असं वाटायचं. मला ती जागा फार आवडायची. काम नसलं तरी मी तिकडून चक्कर मारायचो.

लांडग्यांना मात्र दुसरीकडे जागाच उरली नव्हती. माळ नांगरून झाला होता, प्लॉटिंग सरकत येत होतं, पाऊस नेम सोडून पडायचा आणि उरलेलं गवतही वाळून जायचं. एका लांडगीने ढासळलेल्या पेवात पिल्लं घातली. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीखालचा खड्डा, तोंडाशी अरुंद, आत ऐसपैस.

लातुरात क्लासेस चालवणाऱ्या एका सरांनी निवासी अकॅडमीसाठी तो पट्टा घेतला होता. जमीन खासगी, पण लांडगा वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल-१ मधला, म्हणजे कायद्याने वाघाच्या पंगतीतला. तरी कायद्याचा कागद निघायला वेळ लागतो, जेसीबीला लागत नाही. त्या दिवशी सरही जेसीबीसोबत आले होते. मी माझ्या वरच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, पिल्लं उचला, प्राणिसंग्रहालयात द्या, विषय संपवा. उचललेलं पिल्लू पुन्हा माळावर जात नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात सोजरबाई शेळ्या घेऊन आल्या. ते पेव त्यांच्याच अंगणातलं. भूकंपात त्यांची माणसं तिथेच गेली होती. जागा विकून झाली होती, शिवाय लांडग्यांनी त्यांची एक शेळीही नेली होती. त्यामुळे त्यांच्याकडून मला काही आशा नव्हती.

"काय करायलाव सर?" त्यांनी विचारलं. सपाटीकरण, सर म्हणाले.

"आत बाळंतीण हाय. सव्वा महिना हलवत नसतेत."

"जनावर हाय ते, मावशी."

"माझ्या घरात हाय. त्या घरात लई दिसानं लेकरू जन्मलंय."

सर स्वतः शेतकऱ्याच्या घरातले. त्यांच्या घरीही बाळंतिणीची खोली कुणी रिकामी करवली नसती. त्यांनी ड्रायव्हरला सव्वा महिन्यासाठी मशीन परत न्यायला सांगितलं.

मुदत संपायच्या आतच एका सकाळी लांडगीने पिल्लं हलवली. मी भिंतीआड बसून पाहिलं. तोंडात एकेक पिल्लू धरून ती धुक्यात शिरायची, परत यायची. शेवटच्या खेपेनंतर आली नाही. माझे डोळे भरून आले, हे रिपोर्टात लिहिलं नाही.

पुढे तिथे हॉस्टेल झालं. पुढचा सगळा हिवाळा मी माळ धुंडाळला, ती दिसली नाही. आमच्या रिपोर्टात 'वाचवले' असं लिहितात, तेव्हा बहुतेक वेळा फक्त मुदत मिळालेली असते. आणि ती मागायला रेंजरपेक्षा घरमालकीण बरी.