विषय: मुलीची गाणी ऐकण्याबाबत

स्वतःच्या पोरीच्या आवडीच्या गाण्यांचा सरकारी पद्धतीनं अभ्यास करणारा आणि पाच वर्षं ओळीनं त्यात नापास होणारा बाप आख्ख्या जालना जिल्ह्यात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. भोकरदनच्या आमच्या ऑफिसात मी आस्थापना सांभाळते आणि हे गृहस्थ आवक-जावक. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, विषय लिहायचा आणि कागद ज्याच्या त्याच्या टेबलावर धाडायचा, हे काम त्यांनी बावीस वर्षं इतकं मन लावून केलंय की नोंद न झालेली वस्तू या जगात असू शकते यावर त्यांचा विश्वासच बसत नाही. लग्नाच्या पत्रिकांवर ते आवक नंबर टाकतात. एकदा शिपायाला मुलगा झाला म्हणून त्यानं पेढ्यांची पुडी आणून टेबलावर ठेवली, तर यांनी नादानादात पुडीवर शिक्का मारला आणि आता हे खायचं की फाईलला लावायचं, अशा चेहऱ्यानं बसून राहिले. साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात, मीही म्हणते. आम्ही दोघंही जालन्याहून अपडाऊन करणारे, त्यामुळे सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दीड तास एसटीत हा माणूस माझ्या वाट्याला आलेला आहे. नवऱ्यालाही मी एवढा वेळ कधी दिलेला नाही.

भाऊसाहेबांना एकुलती एक मुलगी. ती आठवीत गेली, तिच्या कानात इअरफोनची ती दोन बोंडं गेली, आणि तिथून सगळं रामायण सुरू झालं. "मॅडम," एके दिवशी एसटीत बसल्या बसल्या ते मला म्हणाले, "पोरगी घरात हाय, पण न्हाई. भाजी वाढू का म्हणलं तर मान हलवती. ती मान मला हो म्हणून राह्यली का त्या गाण्याला, तेच कळंना!" आता माझ्याही घरी त्याच वयाचं एक कार्टं आहे. मी काय केलं? दोनदा ओरडले, एकदा वायर लपवून ठेवली आणि मग सोडून दिलं. चारचौघी आया करतात तेवढंच. भाऊसाहेबांनी मात्र दुकानातून दोनशे पानी रजिस्टर विकत आणलं, पट्टी घेऊन रकाने आखले आणि पोरगी ऐकते त्या प्रत्येक गाण्याची रीतसर नोंद सुरू केली. पोरगी तेव्हा आईच्याच मोबाईलवर ऐकायची, त्यामुळे यादी मिळायला अडचण नव्हती. अनुक्रमांक, गाणाऱ्याचे नाव, विषय, शेरा.

ते रजिस्टर मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. एका गाण्यासमोर लिहिलं होतं, 'विषय: मुलगी आवडल्याबाबत.' त्याच्याखाली, 'विषय: सदर मुलगी सोडून गेल्याबाबत.' त्याच्याही खाली, 'विषय: वरीलप्रमाणे. स्मरणपत्र क्रमांक दोन.' एका रॅपवाल्याच्या गाण्यासमोर होतं, 'विषय: स्वतःची गाडी, चष्मा, साखळी व इतर जंगम मालमत्तेबाबत', आणि शेऱ्यात, 'पुरावे जोडलेले नाहीत.' पुढे पोरगी कोरियन गाण्यांवर गेली तेव्हा मात्र त्यांचं पेन अडखळलं. 'विषय: बोध होत नाही. सात मुलांनी मिळून सादर केलेले निवेदन.' आणि शेरा काय? 'मुले चांगल्या घरची वाटतात.' मी ते वाचून एवढी हसले की शेजारच्या सीटवरच्या बाईनं पोरगं कडेवर घेऊन जागा बदलली.

नोंद करून गप्प बसले असते तर तो आवक-जावकचा माणूस कसला! ते गाणी पाठ करायला लागले. कोरियन शब्द देवनागरीत लिहून काढायचे, कानात इअरफोन घालायचे, मांडीवर रजिस्टर, डोळे मिटलेले, आणि ओठांची पुटपुट चालू. एकदा काय झालं, आपला आवाज किती मोठा लागलाय हे त्यांना त्या इअरफोनमुळे कळलंच नाही. राजूरच्या थोडं अलीकडे त्यांनी अचानक जो कोरियन सूर काढला, त्यानं पुढच्या सीटवरची म्हातारी ताडकन उठली. "आवं, झटका आला ह्याला! धरा, धरा कुणीतरी!" दोघांनी यांचे पाय धरले. म्हातारीनं पिशवीतला कांदा काढला, सीटच्या दांड्यावर आपटून फोडला आणि यांच्या नाकाला लावला. कंडक्टरनं बेल मारून गाडी थांबवली. भाऊसाहेबांनी डोळे उघडले, सगळ्यांकडे बघितलं आणि रागानं म्हणाले, "कामून थांबवलं? आत्ताशी बराबर येऊन राह्यलं होतं." मी खिडकीबाहेर बघत होते. त्या क्षणी या माणसाची आणि माझी बिलकुल ओळख नव्हती.

एवढा आटापिटा करून पदरात काय पडलं? ज्या गाण्यात भाऊसाहेब तयार व्हायचे, ते गाणं आठवड्याच्या आत पोरीच्या मनातून उतरायचं. बापानं लसूण सोलता सोलता तिची ओळ गुणगुणली रे गुणगुणली, की पोरगी ताट घेऊन आतल्या खोलीत. हिंदीवरून ती पंजाबीवर गेली, पंजाबीवरून इंग्रजीवर, तिथून कोरियात, आणि हे आपले रजिस्टर काखेत मारून तिच्या मागे मागे. शेवटी ती असल्या गाण्यांवर जाऊन बसली की ज्यात कुणी धड गातच नाही. "मॅडम, ह्याच्यात माणूस नुसता जांभया देऊन राह्यलाय," भाऊसाहेब हताश होऊन म्हणाले, "ह्याचं पाठ काय करू?" दोन दिवसांनी त्यांनी जांभयाही पाठ केल्या होत्या. पोरीनं सोडून दिलेल्या गाण्यासमोर ते लाल शाईनं 'निकाली' असं लिहायचे, आणि रजिस्टरची पानंच्या पानं लाल झाली होती. "भाऊसाहेब," मी म्हटलं, "एवढी प्रकरणं ऑफिसात निकाली काढली असती, तर आज तुम्ही साहेबांच्या खुर्चीत असता." ते हसले नाहीत. एरवी माझ्या फालतू विनोदालाही हसणारा माणूस.

बारावीनंतर पोरीचं पुण्याला शिकायला जायचं पक्कं झालं. कसल्याशा दाखल्यासाठी ती भोकरदनला आली, तेव्हा बाप साहेबांकडे गेल्याचं बघून माझ्या टेबलापाशी आली. चुणचुणीत पोरगी, नाक बापाचं. "काकू, पप्पांना काहीतरी सांगा ना," ती कुजबुजली. "मी गाणं लावलं की ते माझ्या तोंडाकडं बघत बसतात. मी हसले की लिहून घेतात!"

मला हसू आवरेना. "अगं, हौस आहे त्यांना."

"हौस न्हाई काकू, ड्युटी आहे. त्यातलं एक तरी गाणं त्यांना खरंच आवडतं का, विचारा बरं. मला अशी खोटी खोटी सोबत नको."

त्या संध्याकाळी परतीच्या एसटीत मी विचारलंच. केदारखेडा आलं, ते भाऊसाहेबांचं मूळ गाव. गाडी थांबली, चार माणसं उतरली, गाडी पुढे निघाली, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं. "खोटं कशाला बोलू मॅडम? एक न्हाई आवडत. मला एकच आवडती, आमचा बाप म्हणायचा ती गवळण. ही लहान होती तव्हा रोज खांद्यावर घेऊन तीच म्हणायचो, त्याशिवाय झोपायचीच न्हाई. मंग आठवीतल्या वाढदिवसाला तिच्या मैत्रिणी आल्त्या. मी आपलं केक कापता कापता गवळण म्हणाय लागलो. पोरी खुदुखुदू हसाय लागल्या. ही म्हणली, 'पप्पा, बास ना.' तव्हापासून बास. म्हणलं, आपलं तिला चालत न्हाई, तर तिचं आपण शिकू. आता जूनमधी जाती ती. तव्हर एक गाणं तिच्या शेजारी बसून व्हावं. एकच. तिनं उठून न जाता." एवढं बोलून त्यांनी रुमालानं चष्मा पुसायला घेतला आणि राजूर येईपर्यंत पुसत राहिले. माझ्या तोंडाशी एक टोमणा आला होता, तो मी गिळला.

मे महिन्यात केदारखेड्याला त्यांच्या पुतण्याची हळद होती, मला आग्रहाचं निमंत्रण. पत्रिकेवर जावक नंबर होता, हे सांगायला नकोच. दुपारी मांडवात पोहोचले तर डीजेच्या भिंती दणाणत होत्या आणि गालाला हळद फासलेले भाऊसाहेब पोरांच्या घोळक्यात नाचत होते. नाचत होते म्हणजे काय, प्रत्येक गाण्याचा शब्दन् शब्द तोंडपाठ! पोरं वेडी झाली. "काका, एकच नंबर!" करत त्यांनी यांना खांद्यावर उचललं. पाच वर्षांचा अभ्यास असा भलत्याच ठिकाणी कामाला आला. पोरगी मात्र माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तेवढ्यात भाऊसाहेबांनी डीजेवाल्याला काहीतरी खूण केली आणि तिचं सध्याचं आवडतं गाणं वाजायला लागलं. म्हणजे आधीच सांगून ठेवलं होतं! गाणं लागलं तसे ते खांद्यावरून उतरले, हात पुसले आणि लेकीकडे यायला निघाले. तिनं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि खुर्ची माझ्या पलीकडे सरकवली. भाऊसाहेब होते तिथंच उभे राहिले. अशा वेळी माणसानं हसावं की काय करावं हे त्यांना कळेना, आणि खरं सांगते, मलाही कळेना. मला त्या पोरीचा रागच आला.

आणि ऐन रंगात डीजेच्या गाडीचा जनरेटर बंद पडला. कान अचानक रिकामे झाले. डीजेवाला काहीतरी पार्ट आणायला मोटारसायकलवरून पळाला, पोरं सावलीला बसली. तसा एक म्हातारा काठी आपटून भाऊसाहेबांना म्हणाला, "चला, गेली पीडा! आता तू म्हण रे. बापासारखी गवळण म्हण. लई वर्सं झाली." बाकीचेही म्हण म्हण करायला लागले. भाऊसाहेबांनी आधी पोरीकडे बघितलं. मग म्हणाले, "न्हाई काका. आता इसरलो."

माझ्या पलीकडून आवाज आला. पोरीनं मान खाली घातली होती, नखानं खुर्चीचा रंग खरवडत होती, आणि गवळण म्हणत होती. दह्याचा माठ घेऊन गवळण निघते, तो वाटेत आडवा येतो, तीच नेहमीची कुरबूर. आवाज बारीक, पण वळणं सगळी गावाकडची. पहिलं कडवं संपलं तशी ती थांबली, दोनदा खाकरली आणि पुढचं कडवं घेतलं. ते संपलं, पुन्हा तसंच दोनदा खाकरली. घसा बसलाय बिचारीचा म्हणून मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "आरारारा! मॅडम, तो माझा खाकरा हाय! तंबाखू खायचो ना तव्हा! पोरीनं तोबी पाठ केल्ता!"

मांडवात हशा फुटला. पोरगी लाल झाली, पण तीही हसत होती. "मला काय माहीत," ती म्हणाली, "मला वाटायचं ते गाण्यातच आहे."

"पुढं म्हण, पुढं म्हण," म्हातारा म्हणाला.

"पुढचं येत न्हाई आजोबा. इथपर्यंत आलं की मला झोप लागायची." मग तिनं वर बघितलं. "पुढचं पप्पांना येतं."

त्या दोघांमधली माझी खुर्ची मी मुकाट्यानं मागे ओढली. भाऊसाहेब तिच्या शेजारी येऊन बसले, ताठ बसले, तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. ओठ हलवून बघितले, वर मांडवाच्या कापडाकडे बघितलं. काही येईना. "मला बी न्हाई येत गं," ते हळूच म्हणाले. "तू झोपली की मी थांबायचो. मंग पुढचं म्हणायचं कामच पडलं न्हाई."

पोरगी त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "मग पहिल्यापासून घ्या."

दोघांनी पहिल्यापासून घेतलं. दोन कडवी झाली, जागच्या जागी दोघंही खाकरले, आणि पुन्हा पहिल्यापासून. पार्ट आला, जनरेटर सुरू झाला, तरी डीजेवाल्याला कुणी गाणं लावू दिलं नाही. मी पदरानं डोळे पुसत होते आणि हळद डोळ्यात गेली म्हणून शेजारणीला सांगत होते.

जूनमध्ये पोरगी पुण्याला गेली. भाऊसाहेब आता एसटीत मोकळ्या कानांनी बसतात आणि दीड तास माझं डोकं खातात. त्यांचं बरं चाललंय. मीच हल्ली घरी गेल्यावर कधीकधी माझ्या पोराच्या बंद दारापाशी उगाच उभी राहते. तो लहान असताना त्याला थोपटताना मीही काहीतरी म्हणायचे, एवढं पक्कं आठवतं. काय म्हणायचे ते काही केल्या आठवत नाही. एकदा त्यालाच विचारावं म्हणते.