अंधारात घासायचे दात

जपानात उरायासु शहरात मुलाकडे राहायला आले तेव्हा माझी एकच तक्रार होती, बोलायला माणूस नाही. मुलगा-सून सकाळीच ट्रेन पकडून ऑफिसला, आणि मी खिडकीशी. इमारतीतल्या बायका लिफ्टमध्ये वाकायच्या, हसायच्या, की झालं. अहो, नुसत्या हसण्याला उत्तर तरी काय द्यायचं?

मग खालच्या मजल्यावरच्या बाईंना सुनेकडून कळलं, की सासूबाई लग्न झाल्यावर काही वर्षं इंग्लंडात होत्या. या बाईंचा चहाचा गट आहे. महिन्यातून एकदा इमारतीच्या हॉलमध्ये गुलाबाची फुलं काढलेले कप मांडायचे आणि इंग्रजांसारखा चहा प्यायचा. सगळ्या माझ्याच वयाच्या. मला बोलावणं आलं, 'तिथल्या चहाबद्दल सांगा' म्हणून. मी आदल्या दिवशीच साडी काढून ठेवली.

सून दुभाषी म्हणून बरोबर होती. लिफ्टमध्ये म्हणाली, "आई, बागांचं, गुलाबांचं सांगा हं. संप नि अंधार नको. त्यांना इंग्लंड फार आवडतं. आणि तुम्हाला पुन्हा बोलवायला हवं ना."

मलाही तेच हवं होतं. पण मी कुठली बाग पाहिली होती? कारखान्यांच्या एका गावात, एका बाईंच्या घरी वरच्या खोलीत आम्ही दोघं भाड्याने राहायचो. त्यांचे गुलाबाचे कप कपाटात, कुलपात. रोजचा चहा जाड मगांत. आम्ही गेलो त्याच हिवाळ्यात खनिज तेल महागलं, खाणकामगार सरकारशी भांडायला उभे राहिले, आणि कोळसा जपून वापरायचा म्हणून सरकारने कारखान्यांना आठवड्यातले तीनच दिवस वीज दिली. घरात एकच खोली तापवा, असंही सांगणं होतं. तेव्हा घरमालकीणबाईंनी आम्हाला खाली बोलावलं. "वर गारठून मेलात तर मी भांडू कुणाशी?" म्हणाल्या, आणि हीटरजवळची स्वतःची खुर्ची मला दिली. खाणकामगाराची मुलगी ती. चहाच्या प्रत्येक घोटाला सरकारला एक शिवी.

हॉलमध्ये मी शहाण्यासारखी सुरुवात केली. "बागा फार सुंदर होत्या. आमच्या घरमालकीणबाईंकडेही असेच गुलाबाचे कप होते, पण कपाटात, कुलपात." सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथेच माझं गुलाबपुराण संपलं की हो! मला वाटलं, झालं, आता परत खिडकी.

मग खालच्या मजल्यावरच्या बाईंनीच सुनेमार्फत विचारलं, "चहा पिताना घरमालकीणबाई काय बोलायच्या?"

आता खोटं कसं सांगू? म्हटलं, "एका मंत्र्याने लोकांना सांगितलं होतं, वीज वाचवा, दात अंधारात घासा. तर आमच्या बाई म्हणाल्या, 'त्याला म्हणावं, माझे रात्रभर ग्लासात असतात. त्यांना कशाला हवाय दिवा!'"

सून भाषांतर सोडून हसतच सुटली. मग कसंबसं सांगितलं तिने. आणि एकदम विचारणाऱ्या बाईंनी तोंडावर हात धरला, त्यांचे खांदे हलायला लागले. म्हणाल्या, त्याच हिवाळ्यात त्या ओसाकात नवी नवरी होत्या. तेल महागलं म्हणून कागद संपणार, अशी आवई उठली. सासूबाईंनी त्यांना टॉयलेट पेपरच्या रांगेत पिटाळलं. "खोलीभर रोल रचले हो! आमची गादी पसरायला जागा उरेना."

मग काय, सगळ्याच बोलायला लागल्या. सून ओरडली, "आई, थांबा, एकेकीने!"

"म्हणजे गुलाबाचे कप कधी निघालेच नाहीत?" बाईंनी विचारलं.

"एकदाच. निवडणूक होऊन सरकार गेलं, त्या दिवशी त्यांनी कुलूप काढलं. मलाही त्यातच दिला चहा."

बाईंनी माझा कप पुन्हा भरला.

पुढच्या महिन्यात सुनेची मीटिंग होती. "आई, एकट्या जाल?" तिने धास्तावून विचारलं. गेले. जपानी मला आजही चार शब्दांपलीकडे येत नाही. मी आत शिरले, आपल्या दातांकडे बोट दाखवलं, आणि सगळ्या हसत हसत सरकून मला जागा करायला लागल्या.